टेबलावरचं जग कसं रचायचं? सेटिंग आणि कॅम्पेनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर दर दुसऱ्या शनिवारी फासे पडतात. पाच-सहा जण, एक वही, चार पेन्सिली आणि खेळ चालवणारी मी. आम्ही डीएम (डंजन मास्टर) न म्हणता सूत्रधार म्हणतो. नाटकातला शब्द आहे, नव्या माणसालाही चटकन कळतो. नव्यानं सूत्रधार होऊ पाहणारी मंडळी मला जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. हा खेळ, म्हणजे टेबलटॉप रोल-प्लेइंग, कधीच न पाहिलेल्यांसाठी एवढंच सांगते: प्रत्येक खेळाडू एका पात्राच्या वतीनं बोलतो आणि निर्णय घेतो, उरलेलं सगळं जग सूत्रधार सांभाळतो, आणि पुढे काय होईल हे नक्की नसेल तेव्हा फासे टाकतात.

सेटिंग आणि कॅम्पेन यांत फरक काय?

सेटिंग म्हणजे जागा: तिथली माणसं, चालीरीती, भीती, बाजारभाव. कॅम्पेन म्हणजे त्या जागेत तुमच्या मंडळींचा सलग चाललेला खेळ. एका सेटिंगमध्ये दहा कॅम्पेन होऊ शकतात. एका बैठकीत आटोपतो तो वन-शॉट, आणि नवं सेटिंग तपासून बघायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. कॅम्पेनला मराठीत 'मोहीम' म्हणता येतं. हा शब्द मला फार आवडतो, का ते पुढे येईल.

सुरुवात कुठून करू? आधी जगाचा नकाशा काढावा का?

नको. एक गाव घ्या, त्या गावाची एक अडचण घ्या, आणि गावाबाहेर एका दिवसाच्या चालीवर असलेली एक जागा घ्या, जिथे जायला लोक घाबरतात. तीन बैठका यात सहज निघतात.

हा खेळ जन्मला तोच असा. अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्ह आर्नेसननं 1971 च्या सुमारास ब्लॅकमूर नावाचं कॅम्पेन सुरू केलं. तिथे एक किल्ला होता, शेजारी वस्ती होती आणि किल्ल्याखाली तळघरं होती. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात गॅरी गायगॅक्सनं 1972 मध्ये ग्रेहॉक सुरू केलं, तेही पडक्या वाड्याखालच्या भुयारांपासून. त्या भुयारात सर्वांत आधी उतरले ते त्याचे मुलगा आणि मुलगी. या दोघांच्या खेळांतून 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून आलं, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. ग्रेहॉकचे देश, राजघराणी आणि मोठे नकाशे नंतर आले. खेळाडू भुयारातून बाहेर पडून 'पलीकडे काय आहे?' असं विचारायला लागले, म्हणून ते काढावे लागले.

मी स्वतः पहिल्या वेळी उलटं केलं होतं. चाळीस पानांचा इतिहास लिहिला, सात राजवंश, प्रत्येकाचं निशाण. खेळाडूंनी त्यातलं एकही निशाण कधी पाहिलं नाही. पेठेतल्या लोहाराचं नाव मात्र विचारलं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

तयार सेटिंग घ्यावं की स्वतःचं करावं?

पहिल्या कॅम्पेनला तयार घेतलंत तरी काही बिघडत नाही. पण घेताना ते कशावर उभं आहे, ते बघा. 1991 चं डार्क सन घ्या. ते वाळवंटी जग आहे, धातू दुर्मीळ, पाणी दुर्मीळ, आणि जादू केली की आजूबाजूची झाडं-झुडपं करपतात. ही एवढी वाक्यं कळली की तलवारीची किंमत, पाण्याच्या विहिरीवरचा पहारा, जादूगाराकडे बघणारे लोक, सगळं आपोआप सुचत जातं. चांगल्या सेटिंगची ओळख हीच आहे: थोडं सांगितलं की बाकीचं तुम्हाला स्वतःला काढता येतं.

एबेरॉनची गोष्ट नव्या सूत्रधारांना मी आवर्जून सांगते. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं 2002 मध्ये नव्या सेटिंगसाठी खुली स्पर्धा ठेवली. सुमारे 11 हजार प्रस्ताव आले. पहिल्या फेरीत प्रत्येकाला मिळालं होतं फक्त एक पान. कीथ बेकरचा प्रस्ताव निवडला गेला आणि 2004 मध्ये एबेरॉन पुस्तकरूपात आलं. तुमचं जग एका पानात मावत नसेल, तर त्यात नेमकं काय महत्त्वाचं आहे हे अजून ठरलेलं नाही, असं समजा आणि पुन्हा लिहा.

आपल्या मातीतलं सेटिंग करायचं आहे. किल्ले, घाट, कोकण. कसं करू?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते.

बहुतेक जण नावं बदलतात. टॅव्हर्नची धर्मशाळा होते, नाइटचा सरदार होतो, एल्फचा यक्ष होतो, आणि आतलं जग युरोपातलंच राहतं. दोन बैठकांत त्याची मजा जाते. नावांआधी कारभार बघा: इथे सत्ता कोणाकडे असते, धान्य कुठून येतं, रस्ता कोण अडवतं, पावसाळ्यात काय बंद पडतं.

एक उदाहरण घेते. शिवकाळात गडावर एकाच माणसाच्या हाती सगळं नसे. हवालदाराकडे किल्ल्या, दरवाजा उघडणं-मिटणं त्याच्या हुकमानं. सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी. कारखानिसाकडे धान्य, दारूगोळा, सगळा साठा. एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था. आता सूत्रधाराच्या नजरेनं तिच्याकडे बघा. एका छोट्या, तटबंदीनं बंद जागेत तीन माणसं आहेत, तिघांना एकमेकांची गरज आहे आणि तिघांची एकमेकांवर पाळत आहे. परदेशी पुस्तकांत ज्याला फॅक्शन, म्हणजे आपापला हेतू असलेले गट, म्हणतात, ते आपल्याकडे तयार आहे.

आमचं सध्याचं कॅम्पेन याच्यावरच उभं आहे. धुकटगड हा आम्ही कल्पनेनं रचलेला गड, घाटमाथ्यावरचा, पायथ्याला पेठ, खाली कोकणात उतरणारी वाट. पावसाळा तोंडावर आलाय आणि कोठारात असायला हवं त्याच्या निम्मंच धान्य आहे. कारखानिसानं ते विकलंय, कारण त्याचा मुलगा बंदरावर कोणाकडे तरी ओलीस आहे. सबनिसाच्या हजेरीत मेलेल्या शिपायांची नावं चालू आहेत आणि त्यांचा पगार तो उचलतो, म्हणून कोठाराबद्दल तो तोंड उघडू शकत नाही. हवालदार सरळ माणूस आहे, पण त्याला लिहिता-वाचता येत नाही. आमची पात्रं म्हणजे एक जासूद, एक वैदू बाई, दोन हमाल आणि देवराईची राखण करणाऱ्या घरातली एक मुलगी. त्यांनी काय करावं हे मी ठरवलेलं नाही. तशी गरजही पडली नाही, कारण पहिल्याच बैठकीत हमालांना धान्याची पोती उचलायची होती आणि ती हलकी लागली. पोत्यांत वर धान्य आणि आत भुसा होता.

कारभार अजून कितीतरी ठिकाणी सापडेल. जुन्नरहून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट बघा. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख तिथल्या लेण्यात आहे, आणि वर दगडी रांजण आहे, जो जकातीचा म्हणून ओळखला जातो. एक खिंड, एक रांजण, आणि तो रोज संध्याकाळी कोण उपसतो हा प्रश्न. समुद्रावर जायचं असेल तर आंग्र्यांचं दस्तक आहे: परवाना असलेलं जहाज जाईल, नसलेलं अडवलं जाईल. खोटं दस्तक तयार करणारा लेखनिक हे पात्र मी कधीपासून राखून ठेवलं आहे.

खऱ्या ऐतिहासिक व्यक्ती खेळात आणाव्यात का?

मोठ्या व्यक्ती पडद्याआड ठेवा, असं माझं ठाम मत आहे. त्यांची पत्रं येतील, हुकूम येतील, त्यांच्याबद्दल पेठेत बोललं जाईल. त्या स्वतः टेबलावर येणार नाहीत. ज्यांच्याबद्दल मनात आदर आहे त्यांच्या वतीनं संवाद रचणं आणि त्यांच्या यशापयशावर फासे टाकणं मला जमत नाही, खेळाडूंनाही जमत नाही. शिवाय त्या आल्या की सगळे निर्णय त्याच घेतात आणि खेळाडूंची पात्रं हात बांधून उभी राहतात. खेळ हमालाचा आहे, जासुदाचा आहे. ज्या माणसांची नावं बखरींत आली नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याकडे भरपूर मोकळी जागा आहे.

जात, धर्म, हिंसा असे विषय आले तर?

येणारच. पायथ्याचं गाव उभं केलंत की पाणवठा कोणाचा आणि कोणाला बंद, हा प्रश्न त्या गावातच आहे. तो पुसून टाकला तर जग खोटं होतं, आणि बेफिकिरीनं आणला तर टेबलावरच्या एखाद्या माणसाला घरी जाऊन झोप लागत नाही. म्हणून आधी बोला. पहिल्या बैठकीच्या आधी एक संध्याकाळ फक्त बोलण्यासाठी ठेवतात, तिला सेशन झीरो म्हणतात. त्या दिवशी दोन गोष्टी विचारून घ्या: खेळात काय अजिबात नको, आणि काय घडलं तरी चालेल पण वर्णन नको. पहिली ती रेघ, दुसरा तो पडदा. ही विभागणी रॉन एडवर्ड्स या रचनाकाराची, आणि आज जगभर वापरली जाते. जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं एक्स-कार्डही ठेवा. फुली मारलेला एक कागद टेबलाच्या मधोमध असतो. कोणीही त्याला बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही.

आमच्या टेबलावर ठरलेलं असं: जातीवरून शिवी किंवा अपमान कोणाच्याही तोंडी येणार नाही, सूत्रधाराच्या पात्रांच्याही नाही. व्यवस्था मात्र दिसेल, आणि तिच्याशी भिडायचं असेल तर भिडता येईल. आमच्यातल्या एकीनं सेशन झीरोत शांतपणे सांगितलं, "लहान मुलाचा मृत्यू नको." कोणी काही विचारलं नाही. गेली तीन वर्षं आमच्या खेळात एकही मूल दगावलेलं नाही.

राक्षस आणि भुतं आपली घ्यावीत का?

जरूर घ्या, पण त्यांची ताकद किती यापेक्षा त्यांचे नियम काय, याकडे लक्ष द्या. आपल्याकडची भुतं नियमांनी बांधलेली आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. त्याला तलवारीनं मारण्यात काय अर्थ आहे? त्याचं काहीतरी अर्धं राहिलंय, ते पुरं करणं हाच अख्ख्या बैठकीचा खेळ होतो. (आमच्याकडे मुलं दगावत नसल्यामुळे मी मुंजा आणत नाही, तुम्ही आणू शकता.) चकवा तर सूत्रधारासाठी खजिनाच आहे. तो वाट चुकवतो, माणूस रात्रभर एकाच जागेभोवती फिरत राहतो. अनेक गावांत सांगतात की अशा वेळी जागीच बसावं आणि उजाडू द्यावं. मी हाच नियम ठेवला: देवराईत चकवा लागला की वाट शोधण्यासाठी टाकलेला कुठलाही फासा चालत नाही. बसलात तर सकाळी वाट सापडते, पण सकाळपर्यंत पाठलाग करणारे जवळ येतात. बसायचं की चालत राहायचं, यावर आमची मंडळी अर्धा तास भांडली. एकही फासा पडला नाही, आणि ती आमच्या सर्वांत चांगल्या बैठकांपैकी एक होती.

नकाशा कसा काढायचा? अंतरं कशी ठरवायची?

षट्कोनी घरांचा कागद छापून घ्या. बऱ्याच खेळांत एक घर सहा मैलांचं धरतात, म्हणजे ढोबळमानानं तीन कोस. सपाटीवर दिवसाला चार घरं, घाटात दोन, पावसात एक. एवढं पुरतं. आमच्या वहीत अंतर 'मजल' आणि 'मुक्काम' यांतच लिहिलेलं असतं, कारण खेळाडू विचारतात तेही तसंच: "बंदर किती मुक्कामांवर?"

प्रत्येक घरात काहीतरी असायलाच हवं असं नाही. पाण्याच्या जागा मात्र आधी टाका. टाकी, विहीर, झरा. सह्याद्रीत फेब्रुवारीनंतर माणूस पाण्याच्या हिशेबानं चालतो, आणि तुमची पात्रंही तशीच चालू लागतील. वाटेत काय भेटेल यासाठी दोन फाशांचा तक्ता करा. दोन फाशांची बेरीज सात यायची शक्यता 36 मध्ये 6, दोन यायची 36 मध्ये 1, बारा यायचीही तेवढीच. म्हणून सातवर रोजचं लिहा, बैलांचा तांडा किंवा लाकूडतोडे. दोनवर असं लिहा जे वर्षातून एकदा घडलं तरी चालेल.

कथानक किती लिहून ठेवावं?

कथानक लिहूच नका. परिस्थिती लिहा.

माझ्या पहिल्या कॅम्पेनमध्ये एक लखोटा होता. तो बंदरावर पोचवायचा, वाटेत तीन हल्ले, शेवटी विश्वासघात, असं सगळं बांधून ठेवलं होतं. पहिल्या रात्री पात्रांनी मुक्काम केला, आणि एकीनं विचारलं, "मोहर वाफेवर सोडवता येते का?" फासा चांगला पडला. त्यांनी लखोटा वाचला आणि सरळ विरुद्ध पक्षाकडे गेले. मी घाबरले. पूर वाहून आणला, पूल तोडला, गस्त पाठवली, काहीही करून त्यांना बंदराच्या वाटेवर ओढलं. तिसऱ्या बैठकीत तीच खेळाडू पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "ताई, तूच सांग पुढे काय होतं. आम्ही ऐकतो." त्यानंतर ते कॅम्पेन मी थांबवलं. तिचं बरोबर होतं.

या छंदाचा उगमच बघा. 1969 मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यानं नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक प्रशियन गावावर एक युद्धखेळ मांडला. सैन्यं येण्याआधी त्यानं काही खेळाडूंना गावातली माणसं दिली, त्यात बँकर होता, विद्यापीठाचा कुलगुरू होता. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लढाई सुरू व्हायच्या आतच सगळे एकमेकांना कोपऱ्यात घेऊन कारस्थानं करू लागले. वेस्लीला वाटलं खेळ फसला. खेळाडू मात्र 'पुन्हा कधी?' विचारत राहिले, आणि त्यांच्यातच आर्नेसन होता. वेगवेगळे हेतू असलेली माणसं एका जागी कोंडली की पुढचं ती स्वतःच करतात, हे तिथे पहिल्यांदा दिसलं.

मग सूत्रधारानं लिहायचं काय? कोणीच मध्ये पडलं नाही तर काय होत जाईल, एवढं लिहा. त्यासाठी घड्याळ हे साधन वापरा. 2010 च्या अपॉकॅलिप्स वर्ल्ड या खेळानं ते रुळवलं आणि 2017 च्या ब्लेड्स इन द डार्क या खेळानं घरोघरी नेलं. कागदावर एक वर्तुळ काढा, त्याचे सहा भाग करा. माझ्या वहीतलं कोठाराचं वर्तुळ असं आहे: पहिला भाग भरला की शिधा अर्ध्यावर. दुसरा, घोड्यांची चंदी बंद. तिसरा, घेऱ्यातले, म्हणजे गडाभोवतीच्या वस्तीतले, पहारेकरी रात्री बायकामुलांसह निघून जातात. चौथा, सबनीस जुन्या वह्या जाळतो. पाचवा, कारखानीस घाट उतरायची तयारी करतो. सहावा, कोणीतरी आतून दरवाजा उघडतं. दर बैठकीनंतर मी एक भाग पेन्सिलीनं रंगवते. खेळाडूंनी काही केलं तर थांबते, कधी खोडते. मध्यंतरी वैदू बाईनं रानातले कंद शोधून गडावर चार दिवस जगवले, तेव्हा तिनं स्वतः खोडरबर मागून घेतला.

तपासाची गोष्ट आहे आणि खेळाडू अडकलेत. काय करू?

बहुधा तुम्ही एकच धागा ठेवलाय आणि तो त्यांच्या हाताला लागला नाही. जस्टिन अलेक्झांडर या सूत्रधारानं सांगितलेला नियम आहे: जे कळणं गरजेचं आहे, त्याच्यापर्यंत नेणाऱ्या किमान तीन खुणा पेरा. एक दिसणार नाही, दुसरीचा अर्थ उलटा लावला जाईल, तिसरीवर गाडी पुढे सरकेल. आणि जी खूण सापडल्याशिवाय गोष्ट पुढे जातच नाही, तिच्यावर फासा मागू नका. ती सापडू द्या.

आमच्याकडे सगळे एकत्र जमतच नाहीत. नोकऱ्या, मुलं, प्रवास.

मग कॅम्पेनच तसं रचा. बेन रॉबिन्सनं चालवलेलं वेस्ट मार्चेस हे याचं गाजलेलं उदाहरण. दहा-बारा खेळाडू, ठरलेला वार नाही, ठरलेली टोळी नाही. ज्यांना जायचं ते आपसात दिवस ठरवतात आणि कुठे जायचं हेही सूत्रधाराला तेच सांगतात. एकच अट: बैठक संपताना सगळे वस्तीवर परत आलेले असावेत. म्हणजे पुढच्या वेळी वेगळी माणसं आली तरी अडत नाही. नकाशा सगळ्यांचा मिळून एकच असतो आणि तो खेळाडूच भरतात.

गडाचं सेटिंग इथे फार सोयीचं पडतं. संध्याकाळी दरवाजे मिटतात, बाहेर राहिलेला बाहेर. बैठक संपायच्या अर्धा तास आधी मी सांगते, "दिवस कलतोय." सगळे घाईनं चढायला लागतात.

कॅम्पेन किती लांबवावं? ते मध्येच विरून जातं.

बहुतेक कॅम्पेन विरतात ती शेवट ठरलेला नसतो म्हणून. इथे 'मोहीम' शब्द कामाला येतो. जुन्या काळी मोहिमेला ऋतू होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा निघायच्या आणि पाऊस लागायच्या आत छावणीला परतायच्या. समुद्रावरही तेच, पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला ओढलेली आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र पुन्हा खुला. या लयीत कॅम्पेन बसवून बघा. एक मोहीम म्हणजे दसऱ्यापासून मृगापर्यंत, प्रत्यक्षात दहा-बारा बैठका. मग एक बैठक छावणीची: जखमा बऱ्या होतात, कोणाचं लग्न ठरतं, कोणी काही शिकतं, उधारी फेडली जाते. तिथे थांबायचं असेल त्यानं मान राखून थांबावं, नवा खेळाडू पुढच्या दसऱ्याला यावा.

आम्ही हे सुरू केल्यापासून एकही कॅम्पेन अर्ध्यात सुटलेलं नाही. शेवट जवळ दिसला की माणसं सुट्टी काढून येतात.

नियम कोणते वापरू?

तुमच्या जगात माणसं कशासाठी जीव धोक्यात घालतात, ते आधी ठरवा आणि त्याचीच बक्षिसी देणारे नियम निवडा. 1974 च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये भुयारातून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक अनुभव-गुण होता. त्यामुळे खेळाडू राक्षसाशी लढण्याऐवजी त्याला चुकवून पेटी पळवायला शिकले. सगळी शैली त्या एका नियमानं ठरली. आमच्याकडे गुण मिळतात ते घेऱ्यातल्या कोणाला तरी दिलेला शब्द पाळल्याबद्दल. लगेच फरक पडला: खेळाडू शब्द देताना विचार करू लागले.

स्वतःचं साहित्य छापायचा विचार असेल तर एक माहिती हाताशी ठेवा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम, म्हणजे एसआरडी 5.1, जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. योग्य श्रेय देऊन त्यांच्यावर आधारित मराठी नियमपुस्तिकाही करता येते. कोणीतरी ती करावी, ही माझी मनापासून इच्छा आहे.

मराठीत खेळावं की इंग्रजीत?

ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत खेळा. नियमांचे शब्द इंग्रजी राहिले तरी चालतात. आम्हीही 'इनिशिएटिव्ह टाका' (लढाईत आधी कोणाची पाळी, ते ठरवणारा फासा) असंच म्हणतो. पण पात्रांनी मराठीत बोलावं, कारण मराठीत एक हत्यार आहे जे इंग्रजीत नाही. तू, तुम्ही आणि आपण.

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या हमालाला कारखानीस पहिल्या दिवसापासून "काय रे" म्हणत आलाय. भुशाच्या पोत्यांनंतर हमाल त्याच्या दारात उभा राहिला आणि मी कारखानिसाच्या तोंडून म्हटलं, "या, बसा ना. पाणी घेणार?" टेबलावर शांतता. हमाल खेळणारी मुलगी हळूच म्हणाली, "हा घाबरलाय." ना फासा, ना वर्णन, फक्त क्रियापदाचं रूप बदललं होतं.

एक विनंती: मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारी पात्रं विनोदासाठी ठेवू नका. बोली येत असेल तर शहाण्या माणसाच्या तोंडी द्या. येत नसेल तर नीट साध्या मराठीत बोला आणि "तो घाटाखालच्या बोलीत सांगतो" एवढं म्हणा.

एका बैठकीची तयारी किती करावी?

अर्धा तास आणि वहीचं अर्धं पान. माझं मागच्या शनिवारचं पान जसंच्या तसं देते:

'कोठार घड्याळ, चौथा भाग. सबनीस वह्या जाळतोय, धूर माळवदावरून दिसेल. हवालदार: कोणावर विश्वास ठेवू, हे जासुदालाच विचारणार. पेठेतली तेलीण आजी, तिच्याकडे कारखानिसाच्या मुलाचा निरोप आलाय, पण ती फुकट सांगणार नाही, तिला दिव्यासाठी कापूस हवाय. वळीव. संध्याकाळी गारा. घाटवाट एक दिवस बंद. तीन नावं तयार: भिकाजी, सगुणा, येसू.'

नावं आधीच लिहून ठेवायची सवय लावून घ्या. खेळाडू कोणाशी बोलायला जातील सांगता येत नाही, आणि नाव नसलेल्या माणसाला कोणी लक्षात ठेवत नाही.

बैठक संपल्यावर काय लिहून ठेवू?

घटनांची जंत्री नको, ती खेळाडूंना आठवते. कोणी कोणाला काय शब्द दिला, कोणाचं काय देणं राहिलं आणि खेळाडू कशावर हसले किंवा गप्प झाले, एवढं लिहा. मी फासे आवरायच्या आधी सगळ्यांना एकच विचारते: "पुढच्या वेळी कुठे जाणार?" मिळालेलं उत्तर पानाच्या तळाशी लिहिते आणि पुढच्या वेळची तयारी तेवढ्यापुरतीच करते. या शनिवारी तळाशी लिहिलंय: 'तेलीण आजीकडे. कापूस घेऊन.'